‘किती देते?’ विचारण्याआधी टाकी नीट मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत कोल्हापूरच्या एका गृहस्थांचं पत्र होतं. त्यांनी जुनी डिझेल गाडी घेतली. पहिल्या टाकीला तिने लिटरला १७ किलोमीटर दिले, दुसऱ्या टाकीला २१. मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) गेले. आणि मधल्या काळात ह्यांना स्वतःलाच एक तोडगा सापडलाय: पुण्याहून परत येताना खंबाटकी उतरायला लागलं की गाडी न्यूट्रलला टाकायची! ते वाचलं आणि मी अर्धा चहा तसाच ठेवून कपाटातली वही काढायला उठलो. हे पत्र त्या वहीवरून लिहितोय.

आधी माझा अधिकार सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील हा कोण शहाणा. मी एसटीच्या सातारा विभागात ३३ वर्षं काढली. कोरेगाव, पाटण आणि शेवटी कराड आगार. प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. एसटीत ‘ॲव्हरेज’ हा शब्द नाही, तिथे ‘केपीटीएल’ म्हणतात, म्हणजे दहा लिटरमध्ये किती किलोमीटर. साधी लाल गाडी ४५ ते ५० च्या मध्ये कुठेतरी असते. आकडा दहा लिटरचा का धरतात याचं कारण मला नोकरीला लागल्यावर वर्षभराने कळलं. एका लिटरवर हिशेब केला की सगळ्या गाड्या आणि सगळे ड्रायव्हर सारखेच दिसतात, साडेचार आणि पाच. दहा लिटरवर केला की कोण ४४ चा आणि कोण ५१ चा ते फलकावर सगळ्यांसमोर येतं. आमच्याकडे एकाच गाडीवर, एकाच मार्गावर दोन ड्रायव्हर होते आणि त्यांच्यात कायम सहा-सात केपीटीएलचा फरक. गाडी तीच, इंजिन तेच, रस्ता तोच. उरला काय, तर उजवा पाय.

आता माझी गाडी. जुलै २०२२ मध्ये पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून २०१४ ची स्विफ्ट डिझायर व्हीडीआय घेतली. मीटरवर ९१ हजार. इंजिन ते १२४८ सीसीचं फियाटच्या घराण्यातलं, मारुतीच्या गाड्यांत ‘डीडीआयएस’ नावाने यायचं आणि टाटांच्या गाड्यांत ‘क्वाड्राजेट’ नावाने. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. माझ्या मते आपल्या रस्त्यांवर आलेल्या छोट्या डिझेल इंजिनांत त्याच्याइतकं सोशिक दुसरं नाही. एप्रिल २०२० मध्ये धुराचे कडक निकष, बीएस-६, आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आता ज्याला हे इंजिन हवंय त्याने जुनीच घ्यायची.

विक्रेत्याचा पोरगा चांगला बोलका होता. म्हणाला, “काका, २४ डोळे झाकून देते.” मला चक्कर मारायला घेऊन गेला ती कात्रजच्या नव्या बोगद्यापाशी. तिथे मीटरवरचा ॲव्हरेजचा आकडा शून्य केला आणि नऱ्ह्याच्या उताराने नवले पुलाकडे गाडी सोडली. खाली येईपर्यंत मीटर २७ दाखवत होतं. “बघा!” म्हणाला. मी ३३ वर्षं डिझेलचा हिशेब बघितलेला माणूस, मनातल्या मनात हसलो. पण गाडी आवडली होती, घेतली.

घरी आल्यावर वही केली. ह्या वहीची पद्धत सांगतो, कारण कोल्हापूरच्या गृहस्थांचा १७ आणि २१ चा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे माणूस पंपावर जातो आणि म्हणतो “दोन हजारांचं टाक.” मग लाल दिवा लागला की पुन्हा दोन हजारांचं. ह्यातून ॲव्हरेज कधीही निघत नाही, कारण दिवा लागतो तेव्हा टाकीत किती उरलंय हे चढ, उतार, वळण यावर ठरतं. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, निदान चारशे-पाचशे किलोमीटर चालवायची, पुन्हा फुल्ल करायची. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं जळलं. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं: डिझेलला फेस येतो. नोझल जोरात सोडलं की फेस वर चढतो, ऑटो कट लवकर पडतो आणि टाकी फुल्ल झालीय असं वाटतं. पाच मिनिटं थांबलात तर फेस बसतो आणि आणखी लिटरभर आरामात बसतं. अठ्ठावीस लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे साडेतीन टक्के. एकदा कमी बसलं आणि पुढच्या वेळी जास्त बसलं, की तीच गाडी तुम्हाला एकदा कमी आणि एकदा जास्त देणारी दिसणार. म्हणून पंप एकच, नोझल एकच, गाडी सपाटीला उभी, धार बारीक, पहिल्या कटला थांबायचं आणि पंपावरच्या पोराला “राउंड फिगर करू का?” विचारू द्यायचं नाही. मी सकाळी साडेसहाला जातो, तेव्हा मागे कोणी हॉर्न वाजवत नाही. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा, ते पंपावर ठेवावंच लागतं, आणि त्यात पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे अर्धा टक्का. लोक पंपवाल्याला जितक्या शिव्या देतात तितका दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो.

आणि सरासरीची सरासरी काढू नका. पाच टाक्यांचे पाच आकडे बेरीज करून पाचाने भागायचे नसतात. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. माझ्या पहिल्या पाच टाक्या सुट्या बघितल्या तर १६.८ पासून १९.९ पर्यंत नाचत होत्या. एकत्र केल्या तेव्हा २६१० किलोमीटरला १४३ लिटर, म्हणजे १८.२. जवळपास सगळं कराड-पुणे-कराड, कारण मुलगी पुण्यात असते. एसी चालू, आम्ही दोघं आणि डिकीत गूळ, तांदूळ वगैरे.

१८.२ हा आकडाही खोटा होता. तो कसा पकडला ते सांगतो, मला स्वतःला त्याचं अजून कौतुक वाटतं. उंब्रजच्या पुढे एकदा आमच्या घरच्यांचा, म्हणजे बायकोचा, डोळा लागला होता, म्हणून वेळ घालवायला मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होतो. दगडांनी ४० किलोमीटर झाले तेव्हा गाडीच्या मीटरवर साडेबेचाळीस. परत येताना पुन्हा मोजले, तेच. घरी आल्यावर टायरवर वाकून बघितलं: १७५/६५ आर १४. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं: १६५/८० आर १४. आधीच्या मालकाने कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीचे टायर स्वस्तात टाकले होते. चाकाचा घेर सहा टक्के कमी. छोटं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त वेळा फिरतं, आणि मीटर बिचारं फेरेच मोजतं. म्हणजे माझी गाडी चालत होती ९४ आणि सांगत होती १००. खरं ॲव्हरेज १८.२ नाही, १७.२!

ह्याला मी गाडी घेणाऱ्यांसाठी पहिल्या नंबरची तपासणी मानतो. टायरच्या भिंतीवरचा आकडा आणि स्टिकरवरचा आकडा जुळतो का ते आधी बघा. तिथेच चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या दोन टायरवर २३१५ होतं. सात वर्षांचे टायर घालून मी बायकोला घेऊन महामार्गाने हिंडत होतो.

चारही टायर मापाचे घेतले, सतरा हजार गेले. हवा स्टिकरप्रमाणे भरली, सकाळी गाडी थंड असताना. आधीची हवा सहा-सात पौंडांनी कमी होती, कारण पंपावरचे पोरगे सगळ्या गाड्यांना डोळे मिटून एकच आकडा लावतात आणि तेही गाडी तापलेली असताना. अलाइनमेंट करून घेतलं. पुढच्या तीन टाक्या मिळून १८.४, आणि आता हा आकडा खरा. वहीत दिसायला १८.२ चे १८.४ झाले, पण प्रत्यक्षात १७.२ चे १८.४. ज्याने दगड मोजले नसते त्याने म्हटलं असतं, सतरा हजार पाण्यात गेले.

एक गोष्ट मी आगारातून शिकून आलो होतो, तिने पुढचं काम केलं. गाडी फेरीवरून आली की आम्ही ड्रमला हाताची उलटी बाजू लावून बघायचो. चारही सारखे गरम पाहिजेत. एखादा जास्त तापलेला असेल तर ब्रेक बाइंड होतोय. सुरूरला चहाला थांबलो होतो तेव्हा उतरून मी चारही चाकांजवळ हात नेऊन आलो. आमच्या घरच्यांनी विचारलं, “देवाच्या पाया पडल्यासारखं काय करताय?” डाव्या पुढच्या चाकाच्या रिमला हात ठेववत नव्हता. बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्रर्र झालं, बाकी तिन्ही चाकांवर पाणी नुसतं ओघळलं. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबतो त्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून जाम झालेल्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कवर घासत राहायचं, म्हणजे एक पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी कराड ते पुणे चालली होती. पिना काढून घासल्या, ग्रीस, नवे रबर बूट, मजुरीसकट साडेनऊशे रुपये. पुढच्या तीन टाक्या १९.३.

इथे मेकॅनिकांविषयी दोन शब्द. ह्या दरम्यान एका गॅरेजने मला इंजेक्टरसाठी अठ्ठावीस हजारांचा आकडा दिला होता. इंजेक्टर खराब असतात, नाही असं नाही. पण ते तपासता येतात. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळीला छोटी बाटली लावून इंजिन चालू ठेवायचं आणि कुठली बाटली इतरांपेक्षा लवकर भरते ते बघायचं. मी उभं राहून करायला लावलं. चारही बाटल्या सारख्या. गाडी सकाळी एका फटक्यात चालू होते, धूर काळा नाही, आइडलला थरथरत नाही; मग इंजेक्टर कशासाठी? त्याच गॅरेजमध्ये डिझेलच्या टाकीत ओतायची एक बाटलीही गळ्यात मारली. प्रामाणिकपणे दोन टाक्यांना ओतली. वहीत काहीही हललं नाही. तिसरी बाटली अजून कपाटात आहे, कोणाला हवी असेल तर घेऊन जावी.

खरा चोर निघाला थंडीत. जानेवारीची पहाट, सहाला कराड सोडलं, साताऱ्याच्या लिंब खिंडीपर्यंत आलो तरी हीटरचा वारा कोमट. डिझेल इंजिन मुळात तापायला वेळ घेतं, पण पन्नास किलोमीटर झाले होते. नातवाने सात-आठशे रुपयांचा ओबीडीचा ठोकळा आणला होता, तो स्टिअरिंगखाली खुपसला की मोबाइलवर इंजिनाचे आकडे दिसतात. पाण्याचं तापमान: ६४. ते ८५-९० च्या आसपास पाहिजे. गाडी उघडली तर थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्हच नाही! कुठल्या तरी मेकॅनिकने पूर्वी कधी गाडी तापली म्हणून तो काढून टाकला होता. “आपल्याकडं गरमीच एवढी, त्याची गरज काय?” हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा ऐकलंय, कधी कधी आगारातही, आणि प्रत्येक वेळी मला राग आलाय. इंजिन थंड राहिलं की तेल जाड राहतं, घर्षण वाढतं, जळण नीट होत नाही. महामार्गावर समोरून वारा सतत लागतो, त्यामुळे हा दोष शहरापेक्षा तिथेच जास्त खातो. नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, अडीच हजारांच्या आत काम झालं. तीन टाक्या २०.४.

एक काम, मग तीन टाक्या, मग पुढचं काम. सगळं एकदम केलं असतं तर गाडी सुधारली असती, पण कशाने ते मला आजही कळलं नसतं, आणि त्या बाटलीलाही श्रेय मिळालं असतं.

आता पाय. २०.४ पर्यंत मी शंभर-एकशेपाचने चालवत होतो, रस्त्यावर सगळे चालवतात तसं. नंतर ठरवून ८०-८५ धरला. पाचव्या गिअरमध्ये ह्या वेगाला काटा दोन हजारांच्या जवळपास असतो आणि ह्या इंजिनाचा सगळा जोर तिथेच आहे. आकडा झाला २२.५. एक पैसा खर्च नाही आणि दोन किलोमीटरची वाढ, थर्मोस्टॅटपेक्षा जास्त. कराड-पुण्याला वेळ किती वाढला? वीस-पंचवीस मिनिटं. ८५ ला तुम्ही डाव्या लेनमध्ये राहिलात तर मागचा ट्रकवाला चिडत नाही, हाही एक फायदा.

वेगाचा परिणाम मला खरा कळला समृद्धीवर. जानेवारी २०२४ मध्ये लग्नाला नागपूरला गेलो. जाताना पुतण्याने चालवली. शिर्डीला टाकी फुल्ल, नागपूरजवळ शिवमडक्याला उतरून पुन्हा फुल्ल. ५२० किलोमीटर, वेगमर्यादा १२०, आणि पुतण्या मर्यादेच्या जवळ राहण्यात कसूर करणारा नाही. ३१ लिटर बसलं, म्हणजे १६.८. परत येताना मी, नव्वदच्या आत, तीच माणसं, तेच सामान (आहेराची भांडी जास्तच). साडेतेवीस लिटर, २२.१. नागपूर शिर्डीपेक्षा दीड-दोनशे मीटर खाली आहे, म्हणजे परतीचा रस्ता एकूण चढाचा, तरी हा फरक. कारण साधं आहे: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. नव्वदाचे एकशेवीस केले की वेग वाढतो एक तृतीयांश आणि हवा मागे ढकलते पावणेदोनपटीहून जास्त. टपावर कॅरिअर बांधलेलं असेल तर विचारूच नका, रिकामं असलं तरी. पुतण्याने हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाला, “काका, सातशे रुपयांत सव्वा तास मिळाला, महाग नाही.” त्याचं गणित चुकीचं नाही. फक्त मग गाडी काही देत नाही अशी तक्रार करू नये.

आता न्यूट्रल. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ह्यावर मला राग आवरत नाही. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय पूर्ण काढलात, की ह्या इंजिनाचा संगणक डिझेल बंद करतो. थोडंसं नाही, पूर्ण बंद. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. ओबीडीवर मी खंबाटकी उतरताना बघितलंय, वेळ्याकडे येताना डिझेलचा आकडा शून्यावर असतो. न्यूट्रलला टाकलीत की चाकांचा संबंध तुटला. मग इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतं, साधारण तासाला अर्धा लिटर. सहा मिनिटांच्या उताराला ५० मिलिलिटर. म्हणजे ‘बचत’ करताना तुम्ही साडेचार-पाच रुपयांचं डिझेल उलट जाळताय, आणि त्या बदल्यात इंजिनाचा ब्रेक गमावताय. हलक्या उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी मंदावते, तिथे न्यूट्रलला ती लांब जाते हे मी मान्य करतो. पण घाट हा हलका उतार नव्हे. नऱ्हे ते नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलला सोडलेल्या मालट्रकांनी किती माणसं घेतलीत ते आपल्याच पेपरात पहिल्या पानावर येऊन गेलंय. काही महाभाग इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं होतं. ज्याने तो दगड एकदा पायाखाली अनुभवलाय तो पुन्हा असला उद्योग करत नाही. मी पाटणला असताना एकदा अनुभवलाय, कुंभार्ली घाटात, टोईंगच्या गाडीवर. पुढचं लिहीत नाही.

कुंभार्लीवरून आठवलं. चिपळूणला सासुरवाडी असलेला माझा एक मित्र कायम सांगतो, माझी गाडी ३० देते. देणारच. कराड साडेपाचशे मीटरच्या वर, चिपळूण समुद्राच्या पातळीजवळ, हा टाकी कराडला भरतो आणि खाली उतरून आकडा सांगतो. बाराशे किलोची गाडी तेवढी उंची वर चढवायला साधारण अर्धा लिटर डिझेल जादा लागतं, ते तो परतीच्या प्रवासात भरतो आणि ‘आज ट्रॅफिक होती’ म्हणतो. मोजायचं तर जाऊन-येऊन.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा ह्याविषयी लोक फसवणूक झाल्यासारखं बोलतात, तेही जरा समजून घ्यायला हवं. माझ्या गाडीला कागदावर २३.४ होते. हा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेतल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेलं वीस मिनिटांचं चक्र चालवतात, त्यात सर्वाधिक वेग ९० आणि सरासरी साधारण ३२. एसी बंद, चढ नाही, शिरवळची धूळ नाही, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला आहे, तुमच्या रस्त्याचं वचन म्हणून नाही. नऊ वर्षं जुनी गाडी एसी लावून त्याच्या एका किलोमीटरच्या आत आली ह्यावर मी खूश आहे. डॅशबोर्डवरचं मीटर मात्र अजूनही २४ च्या वर दाखवतं. दाखवू दे. पाहुणे आले की तो आकडा उपयोगी पडतो.

जुनी डिझेल घेणाऱ्यांना चक्कर मारताना ॲव्हरेज कळणार नाही, ते सोडूनच द्या. सकाळी, इंजिन थंड असताना जा. कोणी आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत या. तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चालवा आणि मागे कोणाला तरी बघायला सांगा: काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करतो त्याचा) पाइप फाटलाय किंवा ईजीआर, म्हणजे थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने भरलाय. पाचव्यात एकदम दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी हलत नाही, तर क्लच सरकतोय आणि तुमचं डिझेल क्लचप्लेट खातेय. अर्धा तास चालवून चारही चाकांना हात लावा. सर्व्हिसचा इतिहास काढा, कारण मीटर मागे फिरवणं हा उद्योग सर्रास चालतो. पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटरवर ४५ हजार, असं कसं होईल? आणि संपादक महाराज, आपल्याच छोट्या जाहिरातींत दर रविवारी ‘सिंगल ओनर, डॉक्टर वापर, ॲव्हरेज २५’ असं छापून येतं. महाराष्ट्रात इतके डॉक्टर आहेत हे मला त्या पानावरून कळलं.

कोल्हापूरच्या गृहस्थांना माझी विनंती एवढीच. इंजेक्टरचे पैसे अजून देऊ नका. टायरचा आकडा बघा, दगड मोजा, चाकांना हात लावा, एका नोझलवर सलग चार टाक्या भरा आणि चारींचे एकूण किलोमीटर एकूण लिटरने भागा. आकडा १९ च्या खाली आला तर गाडी घेऊन रविवारी कराडला या, पत्ता आपल्या कार्यालयाकडे देऊन ठेवतो. बाटल्या माझ्याकडे आहेत, रिटर्न फुकट तपासून देईन. बरोबर वही आणा.

पत्र लांबलं. कापायचं असेल तर समृद्धीचं कापा, टायरचं कापू नका.

आपला एक जुना वाचक,
(निवृत्त प्रमुख कारागीर, एसटी)
कराड

ता.क. हे पत्र आमच्या घरी वाचून दाखवलं. म्हणाली, “यात नवीन काय? मी लग्न झाल्यापासून सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहिते.” जाऊन बघितलं. मागचा सिलिंडर ४१ दिवस गेला, त्याच्या आधीचा ३६, आणि ३६ च्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘दिवाळी, पाहुणे’.